तक्त्यातला शेवटचा कॉलम

"हॅलो?… हां हर्षाली, बोल… नाही गं, जेवण कुठलं…"

अंबडच्या रबर कारखान्याच्या ऑफिसात संध्यानं फोन कानाला लावला आणि नजर टेबलावरच ठेवली. समोरच्या खुर्चीत चिमाजीची बायको नवसाबाई बसली होती. पेठहून सकाळच्या एसटीनं आली होती, दवाखान्यासाठी अपघाताचा फॉर्म भरून, शिक्का मारून हवा म्हणून. परवा सकाळच्या पाळीला चिमाजीचा उजवा हात रबर मळायच्या रोलात गेला. मनगटापासून तोडावा लागला. या बाईसमोर काय बोलायचं, असं संध्याला झालं. पण मुंबई ऑफिसचा फोन, न उचलून चालणार होतं थोडंच.

"हो, हो… देशांचा तक्ता ना? आहे. थायलंड, व्हिएतनाम, आयव्हरी कोस्ट आणि आपलं केरळ… भाव, यायला लागणारे दिवस, ओलावा, सगळं आहे… अगं, मीच केलाय, पाठ आहे मला."

पाठ असणारच. दिवाळीनंतर पंधरा दिवस डोळे फोडून तिनं कुठलं रबर परवडतं ते मांडलं होतं. सगळ्यात स्वस्त निघालं आयव्हरी कोस्टचं. साहेब खूश. फक्त शेवटच्या कॉलमवर त्यांनी बोट ठेवलं: हा काढ, यानं स्वस्त माल महाग दिसतो. आणि या शहाणीनं तो काढला. एक बटण दाबायचं काम.

"काय?… चोवीस तास? कुठे लिहू?… हॉट रूमच्या रजिस्टरमध्ये?… अगं ऐक ना… नाही, आधी ऐक. तो आयव्हरी कोस्टचा माल हॉट रूममध्ये गरम व्हायला ठेवलाच नव्हता. गोडाऊनमधून थेट मशीनवर गेला."

नवसाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मागची तारीख टाकून?… म्हणजे कंपनीनं सगळं नियमानं केलं, चिमाजीकाकांनीच हात घातला, असं?… साहेब म्हणतात का तू म्हणतेस?… कळतंय गं, तुलाही नोकरी आहे. मला नाहीये का?"

हर्षाली मुंबईला जाण्याआधी दोघी दोन वर्षं इथंच टेबलाला टेबल लावून बसलेल्या, एकमेकींच्या डब्यात जेवलेल्या. हर्षालीचा आवाज रडवेला झाला तशी संध्या ढिली पडली. एक ओळ तर लिहायची. तिनं ड्रॉवरमधून रजिस्टर काढलं, पेनाचं टोपणही उघडलं. तेवढ्यात नवसाबाईनं हळूच विचारलं, आमच्या माणसाचं चुकलं म्हणत्यात का?

पेन तिथंच राहिलं.

"हर्षाली, शेवटचा कॉलम तू पाहिलाच नाहीस… तुला पाठवायच्या आधीच काढला. जुना कागद आहे माझ्याकडे, वाचते. 'थंडीत गठ्ठा दगड होतो. एक दिवस हॉट रूममध्ये ठेवल्याशिवाय रोलात घालू नये.'… अगं, काका तीस वर्षं केरळचं रबर घालतायत, पातळ शीट. गोडाऊनमधून आणली की रोलात. या गठ्ठ्याचा तुकडा रोलावर नुसताच नाचत होता, आत जाईना. त्यांनी सवयीनं तळव्यानं दाबला… कोण सांगणार त्यांना? ठाऊक होतं ते मला. आणि मी ते पुसलं… हो, साहेबांनी सांगितलं. बोट माझं होतं."

तिनं पेन बाजूला ठेवलं.

"नाही, नाही लिहीत… गेली नोकरी तर गेली… हळू कशाला बोलू? त्यांची बायको समोरच बसलीय… हो. पहिल्यापासून… सगळं ऐकलं त्यांनी… हॅलो?… हॅलो?"

पलीकडून फोन ठेवला गेला होता. संध्यानं रजिस्टर मिटलं आणि अपघाताचा फॉर्म पुढं ओढला. नाव, वय, पाळी भरून झालं. अपघाताचं कारण, या ओळीपाशी ती अडली.

"मघाशी बोलल्या तेच लिवा, बाई," नवसाबाई म्हणाली. "तुमचं नाव बी लिवा."

संध्यानं लिहिलं.