येणारा प्रोसेसर

तंजावूरच्या लॅपटॉपच्या दुकानात चिदंबर राव आपली पाळी यायची वाट पाहत बसला होता. पुढे एक बाप आणि त्याची कॉलेजातली मुलगी उभी होती. विक्रेत्याशी दोघं तमिळ बोलत. घरचं भांडण मात्र, कुणाला कळू नये म्हणून, मराठीत काढत.

“हरिता, पोंगलपर्यंत थांब. नवा प्रोसेसर येतोय.”

“अप्पा, मागच्या पोंगललाही येत होता.”

“तो आला की! पण त्याच्या मागून त्याहून भारी निघालाय म्हणतात.”

“मी बारावीत होते तेव्हापासून तो निघालाय. मी शेवटच्या वर्षाला पोचले, तो अजून वाटेतच. प्रोजेक्ट फोनवर टाइप करते मी. अंगठा वाकडा झालाय.”

“हळू बोल.”

“कशाला हळू? इथे मराठी कोणाला कळतंय? आणि मुलीलाच घाई नाही, असं मघाशी त्या विक्रेत्याला सांगितलंत. लाज नाही वाटली?”

“वाटली ना. म्हणून तर तुझं नाव घेतलं.”

चिदंबरला हसू फुटलं. बाप वळला.

“तुम्ही आपल्यातले का?”

“छे, मला मराठी कळत नाही,” चिदंबर घाबरून म्हणाला, तेही मराठीत.

बापाचे कान लाल झाले. मान खाली घालून तो विक्रेत्याला तमिळमध्ये म्हणाला, “हा समोरचाच लॅपटॉप बांधून द्या.”

हरिता पिशवी छातीशी धरून बाहेर पडली. मागोमाग बाप.

“सार, तुम्हाला काय दाखवू?” विक्रेत्याने चिदंबरला विचारलं.

नवा प्रोसेसर कधी येतोय, एवढंच विचारायला चिदंबर दर महिन्याला इथे येत असे.

“माऊस,” तो म्हणाला.