घरातल्या घरात हाका

"शेवटचं कोण?" हवानातल्या पावाच्या दुकानासमोरच्या रांगेपाशी येऊन येनिसेने विचारलं. म्हाताऱ्या एउलोहियोने हात वर केला आणि पुढच्या योस्बेलशी बोलणं चालूच ठेवलं. गच्च्यांवरून तारा ओढून वस्तीचं कॉम्प्युटर नेटवर्क हाच योस्बेल चालवायचा.

"तार बदललीस, तरी माझ्या कॉम्प्युटरवर लेकीचं मशीन दिसत नाही रे."

"तार ठीक आहे, काका. सबनेट मास्कचे आकडे बदललेत का?"

"सैल केला थोडा. म्हटलं, लांबचंही दिसेल."

"उलटंच झालं! पत्त्यातलं कोण घरातलं, कोण बाहेरचं, एवढंच तो मास्क सांगतो. तुम्ही अख्खं शहर घरात घेतलंत. आता मशीनला वाटतं, लेक आतल्या खोलीत आहे. ते दाराकडे फिरकतच नाही, घरातल्या घरात हाका मारत बसतं."

"मग ओ कोण देणार?"

"कोणीच नाही. संध्याकाळी येऊन आकडे बदलतो, मग हाक दाराबाहेर पडेल, थेट आलामारला, लेकीच्या वस्तीत."

"आणि तिकडे तिनेच मशीन बंद ठेवलं असेल तर? भांडून गेलीय रे ती."

"तर निदान कळेल तरी."

रांग सरकली. एउलोहियो जागचा हलला नाही. एरवी येनिसे खेकसली असती, आज तीही त्याच्या मागेच थांबली.

"म्हणजे सध्या ती ओ देत नाही, ते माझ्या चुकीमुळे?"

"शंभर टक्के तुमच्याच, काका."

"मग नको येऊस संध्याकाळी. राहू दे तसंच."