वरीलप्रमाणे

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालकसाहेब, बांधकाम विभागाचे पाहुणे, माझ्याबरोबर डिंकात आणि टीपकागदात आयुष्य घालवलेले सहकारी, आणि पहिल्या रांगेतून ‘आवरा आता’ अशी खूण करणारी माझी सौभाग्यवती! अगं, अजून सुरुवातसुद्धा केली नाही.

माझ्या निवृत्तीनिमित्त बोलताना अध्यक्ष आत्ताच म्हणाले की माझ्या नजरेतून एक पान कधी सुटलं नाही. महोदय, इतकं कौतुक माणूस गेल्यावरच होतं. म्हणून काय ते खरं सांगून मोकळा होतो.

आपल्या या वनस्पती संग्रहालयामागे ओढा होता. त्याच्या काठाला एक रानवनस्पती सरपटायची, फार तर वीतभर उंच. पेरापेराला मुळं, पानं समोरासमोर, खोडावर लवेच्या दोनच ओळी. फूल नखाएवढं, निळं. पाकळ्या चार, त्यातली वरची जरा रुंद, आणि पुंकेसर मोजून दोन. पाय ओले राहावेत पण बुडू नयेत, एवढीच तिची मागणी. शास्त्रात तिला बहुवर्षायू म्हणतात. आणि आम्ही एवढे शिकलेले! बहुवर्षायू म्हणजे अमर, असंच धरून चाललो.

नमुने कागदावर चिकटवणाऱ्या आमच्या मावशी तिकडे शेवटच्या रांगेत बसल्यात. त्या दर वर्षी विचारायच्या, “साहेब, त्या निळीचा एक कागद करून ठेवू का? हात लावला की फूल गळतं, पण मी जपून दाबीन.” मी हसायचो. “अहो मावशी, ती नुसती माजलीय तिथं! कपाटात जागा कुठंय?” दुर्मिळ फुलांसाठी मी डोंगर पालथे घातले आणि खिडकीतून दिसणारं फूल तसंच राहू दिलं. अतिपरिचयात अवज्ञा, दुसरं काय?

वार्षिक नोंदवहीत पहिल्या वर्षी मी लिहिलं, ‘विपुल’. पुढच्या वर्षी त्याखाली ‘वरीलप्रमाणे’. अशी अकरा वर्षं तेच. खाली उतरून बघायला कोणी अडवलं होतं का मला?

पुढे वाहनतळासाठी ओढा जमिनीखालच्या नळात घालायचं ठरलं. बांधकाम विभागानं रीतसर विचारलं, काठावर जपण्याजोगं काही आहे का? पाहुणेहो, तुमची काहीच चूक नाही. मी वही उघडली आणि कळवलं, ‘सर्वत्र विपुल, हरकत नाही.’ सर्वत्र! मी एकच काठ पाहिला होता, तोही अकरा वर्षांपूर्वी.

दोन वर्षांनी मावशीच म्हणाल्या, “साहेब, निळी कुठंच दिसत नाही हो.” तेव्हा कुठे मी धावलो. या खोऱ्यातला एकूण एक ओढा तुडवला, सलग पाच वर्षं. नाही म्हणजे नाही. ती फक्त आपल्याच काठाला होती. आज बी नाही, कागद नाही, साधा फोटोही नाही. वाईट वाटतं म्हणणं सोपं आहे. मला लाज वाटते.

असो. आपण सगळे वेळ काढून आलात, मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. मावशी, तुमची माफी मात्र मला इथं, सगळ्यांसमोर मागायची आहे. मान हलवू नका, माझंच चुकलं. तुम्ही माफ कराल, हे मला ठाऊक आहे. त्यानं काही उगवणार नाही.