वीस टक्के खाली

अकोल्याच्या बसस्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या सूर्यभाननं झेंडूची टोपली उगाच जराशी सरकवली. शेजारच्या मायलेकींचं बोलणं त्याला तिथून नीट ऐकू येत होतं.

“दामिने, मॅनेजर हायेस ना तू? मंग रविवारची सुट्टी घ्याले काय होते?”

“माय, तीन प्रोजेक्ट माह्याकडं हायेत. तरी कम्प्युटर म्हन्ते, दामिनी वीस टक्के खाली हाये, म्हन्जे रिकामी. म्हनून साहेब रविवारपासून चवथा देऊन रायले.”

“तू खाली? कवा?”

“जेवाची सुट्टी अन् हा बसचा प्रवास धरला त्यायनं.”

“अन् खुशीच्या साक्षगंधात मोठी बहीन दिसली नाई, तर व्याह्यायले काय सांगू? कम्प्युटरले इचारा म्हनू?”

“मी हावोच तिथं. थांब, लागला फोन. हॅलो सर, चौथा प्रोजेक्ट माझ्याकडे आधीच आहे. बहिणीचा साखरपुडा. दोनशे पाहुणे, एकच आचारी, आणि तारीख पुढे जात नाही. रविवारी मी मिळणार नाही. नाही सर, वीस टक्केसुद्धा नाही.”

“त्यायले इचार, ते सोता रविवारी किती खाली हायेत. पंगतीत वाढाले मानसं कमी हायेत आपल्याकडं.”

“माय!”

“इचार ना वं.”

दामिनीनं विचारलं. पलीकडचं ऐकून तिनं फोन ठेवला.

“सुट्टी देली, माय. अन् ते दहा टक्के खाली हायेत म्हन्ते.”

“मंग मीठ अन् लिंबू त्यायच्याकडं.”