स्नुखा, स्नुखी आणि माझं तोंड

...नाही, पण मी म्हणते, गप्प बसायला मला काय झालं होतं? तुम्हाला सांगते, आमची नात मैथिली, डोंबिवलीत राहून शिकते कुठली भाषा, तर दीड हजार वर्षांपूर्वी तिकडे रशियाच्या अंगाला बोलायचे ती! लिहून कुणी ठेवली नाही, आता तिच्यातून निघालेल्या आजच्या भाषांवरून ती जुळवायची, म्हणजे नाती-पणतींच्या बोलण्यावरून पणजीचं बोलणं... अहो, इथे जित्या आजीचं कुणी ऐकत नाही!

त्यात 'सून' या शब्दाची रूपं. आपण सून, सुनेचं, सुनेला म्हणतो ना, तसं त्यांचं स्नुखा, स्नुखी, स्नुसे... महिनाभर पोरगी घोकत होती नि मी शेजारी मेथी निवडत होते. शाळेचं तोंड पाहिलं नाही मी, पण कानात पडलं की चिकटतं.

मग परदेशातल्या विद्यापीठाची तोंडी परीक्षा, कॉम्प्युटरवरून. पास झाली तर शिष्यवृत्ती! सुनेनं, रतननं, बजावलं, "आई, दाराबाहेर बसा, पण हूं नाही की चूं नाही!" बसले. पोरीनं सुरू केलं, स्नुखा... स्नुखी... आणि थांबली! आता हळदीकुंकवात नवी नवरी उखाण्यात अडली तर आपण पुढचा शब्द देतो की नाही? मी दिला. "स्नुसे!" खणखणीत!

गप्प बसायला मला काय झालं होतं?

अडली नव्हती हो ती, 'ख'चा 'स' का झाला ते समजावायला श्वास घेत होती! पडद्यावरच्या बाईनं चष्मा काढला. काय बोलणं झालं ते मैथिलीनं मागाहून सांगितलं... "खोलीत कोण आहे?" "आजी." "काय शिकल्यात?" "शाळेतच गेली नाही." तिकडे कुणाला पटेना, त्यांना वाटलं, उत्तरं सांगायला कुणी जाणकार बाई बसवलीय! मला एवढंच दिसलं, पोरीचे डोळे भरले. शिरले आत, पदर सावरला, म्हटलं, "बाई, मी अंगठेबहाद्दर आहे हो!" आणि वर सगळी रूपं म्हणून दाखवली, अनेकवचनासकट!

गप्प बसायला... जाऊ दे.

पत्र आलं, आजी अशिक्षित असल्याचा पुरावा शुक्रवारपर्यंत पाठवा, नाहीतर अर्ज रद्द. गेले कळव्याला, माहेरच्या शाळेत. कारकून म्हणाला, "आजी, तुमचं नावच नाही रजिस्टरात."

"अरे, तेवढंच लिहून दे ना!"

"नाव नाही त्याला दाखला कसा देऊ?"

शुक्रवार गेला. मैथिली रागावलीसुद्धा नाही, "असू दे गं आजी" म्हणाली, तेच जास्त लागलं. सत्तर वर्षांच्या जन्मात पहिल्यांदा शाळेची पायरी चढले हो मी... आणि नापास झाली नात!