पाटलांची झोप

अंबाजोगाईत वैद्यांच्या ओसरीवर एक पाटलीणबाई शेजारच्या बाईला सांगत होत्या.

"तालुकदारसायबांचा दौरा ठरला अन् आमच्या पाटलांची झोपच उडाली, छबुबाई."

"वैद्यांनी पुडी दिली?"

"न्हाई. डोळे मिटा म्हणले. औत सुटलं, बैल गोठ्यात बसलाय, निवांत रवंथ करतोय, असं हळूहळू सांगू लागले."

"मग लागली झोप?"

"कशाची? हे म्हणले, आमचा हरण्या बसत न्हाई, उभ्यानंच झोपतो."

"अगं बाई. मग?"

"वैद्य म्हणले, बरं, उभ्यानं झोपू द्या. तवापासून हे उभे ऱ्हायले की झोपतेत. काल तालुकदारसायबांना सलाम करता करता घोरायला लागले."

"मग आज कावून आलाव?"

"बैल खाली बसवून घ्यायला."