मसिकेया

कुले : म्हणजे 'मसिकेया' हे नाव खोडायचं? थडग्यावर सिमेंटात कोरलेलं खोडायचं कसं, तेही सांग.

बीरा : थडग्यावरचं राहू द्या, बाबा. शेवाळांच्या पुस्तकातून नाव गेलं, एवढंच सांगायला आले.

कुले : एवढंच! अगं, तुझी बहीण कड्यावरून पडली तेव्हा मुठीत ते शेवाळ होतं. बोटं सुटता सुटेनात. तुझेच प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, असलं जगात नाही, नवं घराणं आहे, मसिकाच्या नावावरून 'मसिकेया' म्हणू.

बीरा : तेव्हा पानं, बोंडं वेगळी दिसली. आता आतलं रक्त तपासता येतं...

कुले : शेवाळाला रक्त!

बीरा : तसंच समजा. ते एका जुन्याच घराण्यातलं निघालं. त्याचं नाव दीडशे वर्षांपूर्वीचं. दोन्ही एकच निघाली की जुनं नाव राहतं, नवं जातं.

कुले : आणि पुढचं? नावाला दोन भाग असतात म्हणालीस.

बीरा : तो राहतो. पण तो आपल्या रुवेन्झोरी डोंगराच्या नावावरून आहे.

कुले : डोंगराला काय कमी होतं? पोर घेतली, आता नावही त्यालाच. तपासलं कोणी? कुठल्या गोऱ्यानं?

(बीरा सुपातल्या कॉफीच्या बिया निवडत राहते.)

बीरा : मी.

कुले : तू?

बीरा : लोक शंका घेत होते, बाबा. त्यांची तोंडं बंद करायला गेले. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

कुले : मग गप्प बसायचंस! कोण विचारायला येणार होतं?

बीरा : मसिका बसली असती गप्प?

कुले : ...ती कसली बसतेय.

बीरा : बोला ना मला. शिव्या द्या हवं तर.

कुले : ते नाव आता दुसऱ्या एखाद्या शेवाळाला देता येईल? खरोखरच्या नव्या?

बीरा : नाही. वापरलेलं नाव पुन्हा कुणाला मिळत नाही. नियमच आहे.

कुले : ती गेल्यावर तुझी आजी म्हणाली, आता बीराच थोरली, तिलाच मसिका म्हणा. मी भांडलो. आपल्यात पहिली लेक मसिका, दुसरी बीरा. पहिली मेली म्हणून दुसरी पहिली होत नाही.

बीरा : ठाऊक आहे मला.

कुले : हं. आईला मात्र यातलं काही सांगू नकोस.

बीरा : कधीतरी कळेलच की.

कुले : दर रविवारी थडग्यावर बोट फिरवत वाचते ती. तिला तेवढीच अक्षरं येतात.